बाबांना ऐकू जाईल असा बेस

दुर्ग स्टेशनवर मुंबईची गाडी फार वेळ थांबायची नाही. तेवढ्यात बाबांनी माझी ट्रंक बाकाखाली सरकवली, साखळीने बांधली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि खाली उतरले. मी खिडकीच्या गजांतून एका दमात बोलत सुटले होते. पोचल्या पोचल्या पत्र टाकते, आईशी भांडू नका, गुडघ्याला तेल लावत जा. बाबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी पंजा पसरून हात वर केला, पोलाद कारखान्याच्या मिलमध्ये क्रेनवाल्याला खूण करायचे तसा. भिलाईच्या आमच्या सेक्टर ६ मधून शिकायला, नोकरीला, लग्न होऊन पुष्कळ मुली बाहेर पडल्या होत्या. बाजा वाजवायला निघालेली मात्र मी पहिलीच.

तुम्ही जे तिकडेच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या तुम्हाला हे सांगायला नको की भिलाईत मुळातलं भिलाईचं कोणीच नव्हतं. आमचे भंडाऱ्याकडचे, शेजारचे आंध्रातले, समोरचे बिहारचे. क्वार्टर प्लँटचं, रिटायर झालं की रिकामं करायचं. तरी आम्ही भिंतींना खिळे ठोकले आणि अंगणात पपया लावल्या. शाळेत आणि गल्लीत हिंदी, मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. मध्य प्रदेशात राहतो एवढंच पत्त्यावर लिहायचं.

माझं जाणं ठरलं ते एका हललेल्या मानेवर. गणपतीत बाहेरून ऑर्केस्ट्रा आला होता, त्यांच्या कीबोर्डवाल्याला ऐनवेळी ताप भरला आणि मी आरतीला पेटी वाजवायचे म्हणून मंडळाच्या लोकांनी मला पुढे ढकललं. मी वाजवलं. त्यांचे अरेंजर, म्हणजे गाण्यातली वाद्यं बसवणारे, म्हणाले, मुंबईला ये, स्टुडिओत सिंथेसायझरवर माणूस हवाच आहे. आईने घर डोक्यावर घेतलं. "बी.कॉम. पुरं कर, बँकेत लाग. लोक काय म्हनतीन?" शेवटी थकून म्हणाली, "तुह्या बाबाले विचार. ते हो म्हनतीन तं जाय."

बाबा पहिल्या पाळीवरून आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. मी वाढता वाढता घाबरत विचारलं, "बाबा, मी मुंबईले जाऊ का? गान्याच्या कामासाठी?" त्यांनी ताटातून वर पाहिलं आणि मान हलवली. आई माझ्याकडे बघत राहिली, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढून आणलं, आणि संध्याकाळपर्यंत सेक्टरभर पसरलं होतं की बाबा केवढे मोठ्या मनाचे.

मुंबईत दादरला मुलींच्या हॉस्टेलमध्ये राहायचे आणि माहीमच्या स्टुडिओत जायचे. मला काम मिळालं बेसचं. बेस म्हणजे गाण्याच्या तळाशी चालणारा जाड, खालचा सूर. तेव्हाच्या आमच्या सिंथेसायझरमध्ये मनासारखा बेस तयार मिळत नसे, तो घडवावा लागे. एक कच्ची लहर घ्यायची, फिल्टरने तिचा वरचा कर्कश भाग कापायचा, मग सूर किती झटकन उठेल आणि किती सावकाश विझेल ते ठरवायचं. एकेका आवाजावर दिवस जायचा. मला वेड लागलं होतं म्हणा ना. पहिल्या वर्षी मी असा खोल, गोल बेस बनवला की मोठ्या स्पीकरवर लावला की खुर्ची थरथरायची. अरेंजरसाहेबांनी तीन गाण्यांत वापरला.

मी घरी कॅसेट पाठवायचे. एका बाजूला माझं बोललेलं पत्र, दुसऱ्या बाजूला माझा बेस असलेली गाणी. आईचं उत्तर यायचं, बाबांना फार आवडलं म्हणतात. दिवाळीला घरी गेले आणि आमच्या टू-इन-वन रेडिओ-टेपवर स्वतःच ती कॅसेट लावली, तर माझा बेस गायब! गाणारी होती, ढोलक होती, खाली नुसती पोकळी. त्या वाटीएवढ्या स्पीकरला इतका खालचा सूर काढणं जमतच नव्हतं. बाबा मान डोलावत म्हणाले, "बढिया हाय." जे वाजतच नव्हतं त्याचं कौतुक ऐकून मला हसू आलं, आणि परतीच्या गाडीत रडू.

मग मी हट्टाला पेटले. तसाच एक टू-इन-वन विकत घेतला आणि स्टुडिओत मिक्सरवर आणून ठेवला. खालच्या सुरात एक धारदार लहर मिसळली, फिल्टर थोडा उघडला, आवाज किंचित फाटू दिला. अशाने सुराचा वरचा काठ लहान स्पीकरमधूनही बाहेर पडतो आणि खालचं उरलेलं कान आपलं आपण भरून घेतो. अरेंजरसाहेब चिडवायचे, "मॅडम, पानवाल्यासाठी वाजवता का?" मी हो म्हणायचे. खरं कोणासाठी ते सांगितलं असतं तर आणखी हसले असते. पण पुढे माझं पोट त्याच आवाजाने भरलं, कारण देशभर लोक असल्याच डबड्यांवर गाणी ऐकत होते.

आवाज मनासारखा जमल्यावर एका सुट्टीत घरी नवी कॅसेट लावली. बाबा जेवत होते. त्यांचा घास थांबला. "हा जो खाली चालून राहिला, हा तुहा हाय ना?" मी खुशीने नाचायचीच बाकी होते. त्याच भरात बाजू पलटून माझं पत्र लावलं. त्यात मी सांगितलं होतं की मला टायफॉइड झाला होता, दहा दिवस पडून होते, तुमची फार आठवण आली. बाबा हसऱ्या चेहऱ्याने मान डोलावत होते. "बढिया हाय."

आईने टेप बंद केला आणि मला स्वयंपाकघरात ओढलं. "त्यायले बाईमानसाचा आवाज समजत नाही आता. मोठा, जाड आवाज येते, बारीक नाही येत. नुसती मान हलवतेत. सात-आठ वर्सं झाले." मिलच्या गोंगाटात कानात घालायला बोळे मिळत, पण बाबा ते डब्याच्या पिशवीत ठेवत, ते घातले तर मशीनचा आवाज बदललेला कळत नाही, म्हणत. "कोनाले सांगू नको. समजलं तं मिलमधून काढून टेबलावर बसवतीन. मरून जाईन तो मानूस."

सात-आठ वर्षं. मला जाऊन तेव्हा तीनच झाली होती. त्या दुपारची ताटावरची मान मला आठवली. मी कोणाच्या होकारावर घर सोडलं होतं? आईला विचारलं, "तू तवा कावून नाही बोलली?" ती म्हणाली, "मले वाटलं, या टाइमाले ऐकलं असन."

बाबांना विचारायचं तर ओरडून विचारावं लागलं असतं, आणि क्वार्टरच्या भिंती सामाईक. विचारलं नाही. मुंबईत काम वाढत गेलं, बेस घडवणारी बाई म्हणून लोक ओळखू लागले, आणि दर सुट्टीत मी त्या घरात चोरी केल्यासारखी शिरत होते. बाबा रिटायर झाले. खिळे काढून, भोकं बुजवून त्यांनी क्वार्टर परत केलं आणि ते दोघं भंडाऱ्याला गेले. मी कानाचं मशीन घेऊन दिलं. ते शिट्टी मारायचं आणि ती त्यांच्याखेरीज सगळ्यांना ऐकू यायची, म्हणून ते कपाटात गेलं. भिलाईची ओढ मला तेव्हा सगळ्यात जास्त लागली, जेव्हा तिथं जायला पत्ताच उरला नाही.

त्यानंतर एकदा दोघं मुंबईला आले. एका दुपारी स्टुडिओ मोकळा होता. आई सोफ्यावर डुलकी काढत होती. मी बाबांना मिक्सरसमोर बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि शेजारी बसून माइकमध्ये बोलू लागले. बेस घडवताना वरचा भाग कापायचे, त्याच्या उलट केलं. माझ्या आवाजाचा खालचा भाग उतरवला आणि वरचा, जिथं त्यांचा कान गेला होता, तो बटण फिरवत फिरवत चढवला. मला स्वतःला तो आवाज पत्र्यासारखा लागत होता. आकडे मोजले, त्यांचं नाव घेतलं, गुडघ्याचं विचारलं. एका ठिकाणी ते दचकले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले.

"तुहा आवाज तं माह्या मायसारखा झाला," ते म्हणाले.

माझा मोठेपणीचा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता. मला हुंदका आला तोही त्यांना ऐकू गेला असणार. मग मी विचारून टाकलं. "बाबा, मी मुंबईले जाऊ का म्हनून विचारलं होतं, तुमी मान हलवली. ऐकलं होतं का?"

त्यांनी या वेळी मान हलवली नाही. "तिकीट पाह्यलं तवा समजलं. लोक तारीफ करून राहिले होते, मी ऐकलंच नव्हतं असं कसं सांगू? अन् ऐकलं असतं ना माय, तं जाऊ देलंच नसतं." मग हेडफोनवर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं, नाही ऐकलं."

मी हेडफोन काढायला हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. "राहू दे. तू बोल." काय बोलू म्हणून विचारलं, तर म्हणाले, टायफॉइड झाला होता म्हणे तुले, तिथून सांग. मी तिथून सांगू लागले. आम्हाला त्या स्टुडिओत कोणी पाहिलं असतं तर म्हातारा माणूस गाणी ऐकतो आहे असं वाटलं असतं. मी घरी होते.