आबांच्या पाठीवरून खाली

"हिला लिहिता येतं का?" कारकुनाने आबांना विचारलं. मला नाही. मी आबांच्या पाठीवर होते. बारावीला केंद्रात पहिली आलेली मी, आणि हा माझ्या बापाला विचारतो, हिला लिहिता येतं का.

धुळ्याचं कॉलेज. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. माझे दोन्ही पाय पोलिओने लहानपणीच गेलेले. आबा अमळनेरला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. एस.टी.तून उतरल्यावर गासडी घ्यावी तसं त्यांनी मला पाठीवर घेतलं आणि एका दमात वर आणलं.

"येस ना सायेब. पोर हुशार शे," आबा म्हणाले. वाकलेलेच. माझ्या वजनाने की साहेबापुढे, देव जाणे.

"अहो, पण रोज कोण आणणार हिला? बाहेरून परीक्षा द्या. घरबसल्या पदवी मिळते. इथं पोरं हसतील." त्याने बहिःस्थचा अर्ज पुढे सरकवला. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा कोण म्हणतंय.

आणि आबांनी मान हलवली. अंगठ्यासाठी हात पुढे केला.

खरं सांगते, कारकुनाचा राग मागाहून आला. आधी आबांचा आला. घरीही हेच. पाहुणे मला विचारत, उत्तर आई देई. प्रवासात लघवीला कुठे नेणार म्हणून ती पहाटेपासून मला पाणी देत नसे. माया होती सगळी. त्या मायेपायी मी मुकी झाले होते.

"आबा, माले खाले उतार."

"थांब माय. ओझं वाटमा ठेवतस नही."

हमालाची सवय. मुक्काम आल्याशिवाय पाठ रिकामी करायची नाही. बोलून गेले, आणि काय बोललो ते त्यांनाच कळलं. त्यांनी मला फरशीवर बसवलं.

टेबलाआड मी दिसेना, तसा कारकून उठला. वाकून बघायला लागला.

"मला येतं लिहिता," मी म्हटलं. "रेग्युलरचा अर्ज द्या."

"जिने कोण चढणार?"

आबांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "आबा, तू बोलू नको." जन्मभर त्यांनी मला उचललं, पण त्या दिवशी ते गप्प राहिले त्याचा मला जास्त आधार झाला.

"मी चढणार."

अर्ज फरशीवर ठेवून भरला. बसत बसत, एकेक पायरी करत खाली उतरले. आबा मागून येत होते. मोकळ्या हातांचं काय करावं त्यांना कळत नव्हतं.

तीन वर्षं तशीच चढले. तळहातांना घट्टे पडले. पोरं हसली, मग कंटाळली. वर्ग खाली घ्या म्हणून अर्ज दिले, उत्तर एकाचंही नाही. थकले मी. अजून थकलेलीच आहे.

आजही कुठल्या ऑफिसात गेले की सोबतच्या माणसाला विचारतात, "यांना काय हवंय?" सोबतच्याला मी बोलू देत नाही. विचारणाऱ्याने माझ्याकडे बघून मला विचारायचं. तोवर मी तिथून हलत नाही.