बासष्ट पानांची पट्टी

सुनंदा गेल्याचं मला तीन दिवसांनी कळलं, तेही नगरच्या बसस्थानकावर भेटलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून. "तुला कुणी सांगितलं नाही?" त्याने विचारलं. कोण सांगणार... इतक्या वर्षांत मी तिला एकदाही फोन केला नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. केडगावात एका दुकानाच्या माडीवर आम्ही दोघं वेबसाइट तयार करायचो. सुनंदा पुणतांब्याची, घरातली पहिली पदवीधर, मनातलं तोंडावर बोलणारी. एका कॉलेजच्या साइटची बासष्ट पानं होती आणि प्रत्येकाच्या माथ्यावर तीच पट्टी: कॉलेजचं नाव आणि प्रवेशाची शेवटची तारीख. काही बदललं की बासष्ट फाइली उघडायच्या. सुनंदा वैतागायची. "सर, पट्टी एकाच फाइलीत ठेवू. सगळी पानं तिथूनच घेतील. बदल एकदाच करायचा." ऑफिसचे मालक असलेल्या आमच्या सरांचं उत्तर ठरलेलं, "चालतंय ना? मग हात लावू नका." महिनाभर हेच... मला दोघांचाही कंटाळा आला होता.

जूनमध्ये कॉलेजने तारीख अलीकडे आणली. पानं मी बदलली; एक राहिलं. काष्टीच्या एका मुलीच्या भावाने पुण्यातल्या सायबर कॅफेत नेमकं तेच उघडलं आणि जुनी तारीख घरी कळवली. बापलेक पोहोचले तेव्हा प्रवेश बंद झाले होते. तिथून ते आमच्याकडे आले. "आमी तुमच्याच तारखेवर इसवास ठेवला हुता, ताई," वडील सुनंदाला म्हणाले. मुलगी जिन्यातच उभी राहिली. सरांनी चूक सुनंदाच्या माथी मारली, कारण कुरकुर तिचीच असायची. मी मान खाली घालून बसलो. ती त्या दोघांबरोबर कॉलेजात गेली, प्राचार्यांच्या दाराशी संध्याकाळपर्यंत बसली. प्रवेश मिळाला नाही. मुलीचं वर्ष गेलं.

त्या रविवारी सुनंदाने एकटीने सगळ्या पट्ट्या काढून एकच फाइल केली. न विचारता हात लावला म्हणून सोमवारी सर ओरडले. तिने ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली. "फाइल कुठंय ते याला दाखवलंय," माझ्याकडे बघत ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. राहिलेलं पान कुणाचं, हे तिला ठाऊक होतं... पुढच्या वर्षी तारीख बदलायला मला दोन मिनिटं लागली. "ही आमची पद्धत," सर कॉलेजवाल्यांना सांगत होते. तेव्हाही मी गप्पच. आता कुणावर चिडू?

गेल्या आठवड्यात पुणतांब्याला जाऊन आलो. तिच्या वहिनींनी मला गावच्या वाचनालयात नेलं. गावी परतल्यापासून दर जूनला सुनंदा तिथल्या फळ्यावर आसपासच्या कॉलेजांच्या तारखा लिहायची, प्रत्येक कॉलेजला फोन करून. यंदाचा फळा अजून कुणी पुसलेला नाही. तळाशी तिचं बारीक, सरळ अक्षर: 'कालच विचारून लिहिलं आहे. तरी निघण्याआधी स्वतः विचारा.'