शेवया नसलेली खीर

लाडवांचं पार्सल मंगळवारी परत आलं. तुम्ही घर बदललं तरी मी पत्ता जुनाच लिहिला होता. माझ्यासारख्या टापटिपीच्या बाईला हे शोभलं नाही. डब्याची दोरी मी बांधली होती तशीच होती. आणि त्याच्या आधीच्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर पाठोपाठ सांगितलं होतं, "आजी, लाडू एकदम मस्त होते."

मी रागावलेली नाही. हे तुम्हाला कुणी शिकवलं ते मला माहीत आहे, म्हणून लिहिते आहे.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी इथं औरंगाबादला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. शनिवारचा शेवटचा तास शिष्टाचाराचा असे, तोही माझ्याकडे होता. आभार कसे मानावेत, दुसऱ्याच्या घरी काय बोलू नये, दिलेल्या वस्तूचं कौतुक कसं करावं, हे मी मिशनच्या शाळेत शिकले होते आणि तसंच पुढं शिकवत होते. मुली माझ्या तासाला कंटाळत, पण घाबरून गप्प बसत.

गणित शिकवणाऱ्या बाईंना आम्ही सगळ्या आपा म्हणायचो, तुमची आई खाला म्हणायची, म्हणजे मावशी. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी मोठ्या. त्यांचा सगळा जन्म उर्दूतून शिकवण्यात गेला होता आणि आता शाळा मराठी झाली होती. फळ्यावर मराठी आकडे काढताना त्यांचा हात अडखळे, मागच्या बाकांवर मुली खुसखुसत. शाळा सुटल्यावर त्या अर्धा तास माझ्याजवळ बसून मराठी गिरवायच्या. त्या बदल्यात त्यांनी मला वर्ग सांभाळायला शिकवलं. "ओरडू नका बाई. बोलता बोलता चुप व्हा. पोरींना आपल्या चुप बसण्याची लई शरम वाटते."

ईदेला त्यांच्याकडून आमच्याकडे ताट यायचं. आमच्या घरी त्यांच्या हातचं शिजवलेलं चालत नसे, हे त्यांना न सांगता ठाऊक होतं. म्हणून त्या सगळं कोरडं पाठवत: शहागंजातून आणलेल्या बारीक शेवया, साखर, चारोळ्या, बदाम, खारीक, वरून क्रोशाचा रुमाल. दूध आमचं, चूल आमची. आमची अडचण त्यांनी इतक्या अदबीनं सोडवली होती. आमच्या दिवाळीचा फराळ मात्र त्या आमच्यासमोर बसून खात.

पण माझ्या सासूबाईंना कोरडंही चालत नव्हतं. "ते ताट तिकडं व्हरांड्यातच राहू दे. स्वैपाकघरात आणू नकोस," एवढंच त्या म्हणत. संध्याकाळी भांडेवाली सगळं पिशवीत ओतून घेऊन जायची. मी रुमाल धुऊन, ताटात नारळ ठेवून, दुसऱ्या दिवशी परत करायची आणि सोबत चिठ्ठी लिहायची: खीर फार छान झाली, सगळ्यांनी आवडीनं खाल्ली. तुमची आई तेव्हा आठ वर्षांची होती. चिठ्ठी लिहिताना ती माझ्या शेजारी उभी असे. एकदा तिनं विचारलं होतं, "पण आपण कुठं खाल्ली?" मी म्हटलं होतं, "असं म्हणायचं असतं. समोरच्याला बरं वाटतं."

त्या वर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी आपा स्वतः आल्या. तुमची आई ओट्यावर खेळत होती, मी आत दाराजवळ कपड्यांच्या घड्या घालत होते. ती लगेच उठली, हात जोडले आणि मी न सांगता म्हणाली, "खाला, खीर फार छान झाली होती. आम्ही सगळ्यांनी खाल्ली."

खरं सांगते, मला अभिमान वाटला. माझ्या शाळेतल्या एकाही मुलीला ते इतकं नीट जमलं नसतं. मग मी दारात आले आणि आपांच्या हातात कागदाचा पुडा दिसला. कोपरा फाटला होता, त्यातून शेवया बाहेर आल्या होत्या. ताट भरताना पुडा घरीच राहिला होता. तोच द्यायला त्या आल्या होत्या.

आपा गप्प राहिल्या. वर्गात राहत तशा, पण थोडाच वेळ. मग खाली वाकून त्यांनी पोरीला विचारलं, "अच्छा? बदाम जास्त तर नाही झाले ना, बेटा?"

"नाही, बरोबर होते," तुमची आई म्हणाली.

पुडा बुरख्याच्या आत गेला. मी "आत या ना" म्हटलं. "नको बाई, चलते. शहागंजात काम आहे." पायरी उतरताना त्या म्हणाल्या, "पोरीला छान वळण लावलं तुम्ही." तो टोमणा होता की तारीफ, मला आजवर ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडेवाली म्हणाली, "बाई, यंदा साखर लई होती, पण शेवया नव्हत्या ओ."

सोमवारी शाळेत मी ताट परत केलं, पण लिहून ठेवलेली चिठ्ठी पर्समध्येच राहिली. शाळा सुटल्यावर आपा नेहमीसारख्या वही घेऊन आल्या. आज सांगू, उद्या सांगू, असं करत मी त्यांच्या उच्चारांच्या चुका काढत बसले. पुढच्या ईदेला ताट आलं, शेवया सगळ्यांत वर होत्या. खीर कशी झाली, हे मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मीही चिठ्ठी लिहिली नाही. दोन वर्षांनी त्या लेकीकडे हैदराबादला गेल्या. निरोपाच्या दिवशी मी इंग्रजीत सुरेख भाषण केलं.

सासूबाई गेल्यावर मी एकदा ती खीर करून पाहिली. प्रमाण माहीत नव्हतं. विचारायला कुणी नव्हतं. फार गोड झाली.

गेल्या आठवड्यात मी तुमच्या आईला फोनवर विचारलं, आपा आठवतात का. ती म्हणाली, "न आठवायला काय झालं? ईदेला केवढी छान खीर व्हायची आपल्याकडे!" ती खोटं बोलत नव्हती. तिला चव आठवत होती. मी तिला काही सांगितलं नाही, तुम्हीच सांगा.

पार्सल उद्या नव्या पत्त्यावर पाठवते आहे. लाडू तोवर कडक होतील, कदाचित खवटही. रविवारी मी विचारीन. आपांनी विचारणं सोडून दिलं, त्यानंतरच्या त्यांच्या गप्प बसण्यात मी दोन वर्षं काढली आहेत. मला तसं गप्प व्हायचं नाही. खवट असले तर खवट म्हणा.