कपाटाला सील, खिडकीला धागा

कापडात खोट दिसली की चाचा कापडाकडे पाठ फिरवायचे. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. पन्नास वर्षं जॉबर, म्हणजे बिघडलेल्या लूमचे डॉक्टर. कापड पुढे फाटलेलं, आणि हे लूमच्या मागे, ताण्याचे उभे धागे गुंडाळलेल्या बीमपाशी, डोळे मिटून उभे. "पाठी बघ रे भाऊ. खोट दिसते तिथं नसते." चाळीस लूमच्या धडधडाटात एकविसाव्या लूमवर तुटलेला धागा त्यांना ऐकू यायचा. मी वाढवून सांगत नाही. फार तर एकोणिसावा लूम असेल.

माझी दहा वर्षांची तन्वी तेव्हा फार जाड झाली होती. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर लहानपणीच साखरेचा आजार लागेल. तिच्या खाण्यावर ताबा ठेवा. मी वळ गावाच्या पट्ट्यातल्या गोदामात सुपरवायझर. आमच्याकडे ताबा म्हणजे सील. कंटेनरला लावतो ते नंबराचं प्लास्टिक सील मी खाऊच्या कपाटाला ठोकलं आणि छाती फुगवून ड्युटीवर गेलो. चहाच्या साखरेसाठी बायकोला रोज सील कापावं लागे, मला रोज नवं लावावं लागे. "आता माझाही गेटपास काढा," ती म्हणाली.

आठवड्याभरात तन्वी बाथरूममध्ये नळ सोडून वेफर्स खाताना सापडली. खात होती आणि रडत होती. सील शाबूत; पुडा कपाटात जायच्या आधीच पळवलेला.

शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी गावाला स्वतःचा श्वास ऐकू येतो, कापसाची लव हवेत तरंगत राहते, आणि नीट पाहिलंत तर माणसंही जमिनीपासून वीतभर वर चालताना दिसतात. अशा एका दुपारी चाचा आले. सील पाहून असे हसले की पार शेलार गावापर्यंतची कबुतरं उडाली.

"भाऊ, बिस्किटं एक्स्पोर्ट करतोस काय?"

मग त्यांनी खिशातून सुताचं रीळ काढलं. एक टोक सीलला बांधलं. "बेटा, भूक कधी लागते?"

"शाळेतून आल्यावर. आई शिफ्टला असते. घरी कोणीच नसतं."

धागा दाराच्या कडीला.

"खाली का नाय जात?"

"मैदानात कंटेनर असतात. आणि मुलं हत्ती म्हणतात."

धागा खिडकीला.

"मग?"

"मग खाते. मग अजून जाड होते. मग अजूनच जावंसं वाटत नाही."

धागा खिडकीतून परत कपाटाला.

"खाऊ कोण आणतो?"

तन्वीने माझ्याकडे पाहिलं. तिला वेळ देता येत नाही म्हणून मीच रोज पिशवीभर आणायचो. धागा माझ्या शर्टाच्या बटणाला आला. "आणि कंटेनर कुणाचे?" आमच्याच गोदामाचे. बटणाला दुसरा वेढा.

चाचांनी एक धागा हलकेच छेडला. सील, कडी, खिडकी, माझं बटण, सगळं घर उन्हात थरथरलं.

मी कात्री उचलली. "कुठला कापू?"

"ताणा कापतात काय, येड्या? एक सैल कर, बाकीचे ढिले होतात. कुठला, ते पोरीला विचार."

तन्वीने खिडकीचा धागा धरला.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाच ते सहा गाड्या मैदानाबाहेर थांबवायच्या, असं मी ठरवलं. माझं कोण ऐकतं? चाचाच रस्त्यात खुर्ची टाकून बसले. समोर शंभर चाकांचा ट्रेलर.

"चाचा, हटो, माल लेट हो रहा है!"

"माल कल भी जायेगा. पोरगी उद्या मोठी होईल."

कबड्डीत त्यांनी तन्वीला मधोमध उभं केलं. पाच जण अंगाला लटकले तरी ती रेषेपर्यंत पोचली. पुढे कोणी हत्ती म्हटलं, तर ते आपल्या संघात ओढण्यासाठी. सील मी फेकलं, पिशवी हलकी केली, आठवड्यातून दोन दिवस लवकर घरी येऊ लागलो. वजन गोगलगायीच्या चालीने उतरलं. नळ मात्र पुन्हा सुटला नाही.

मागच्या हिवाळ्यात चाचा झोपेतच गेले. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी गोदामातून धावत सुटलो. वाटलं, मैदान गाड्यांनी भरलं असेल. कोपऱ्यावर अकरा कंटेनर ओळीने उभे होते, इंजिनं बंद. ड्रायव्हर खाली उतरून विड्या ओढत बसलेले. रस्त्यात खुर्ची नव्हती, अडवणारं कोणी नव्हतं. मैदानात सोनेरी धूळ उठलेली, आणि त्या धुळीत मुलांचे पाय दिसतच नव्हते, नुसती वरची अंगं वाहत होती. त्यातून तन्वी आली, लालबुंद, धापा टाकत.

"पप्पा, बाजूला व्हा ना," ती म्हणाली, "तुम्ही रेषेवर उभे आहात."