गौतमीचा बाष्पदाब

गौतमी मूळची कोळवणची. शेत विकल्यावर भाऊ पुण्यात गेला आणि तिनं भुकूमला रत्नाबाईंची एक खोली भाड्यानं घेतली. लग्नाचं वय कधीच मागं पडलं होतं. पिरंगुटच्या पुढं रसायनं तपासणारी एक प्रयोगशाळा आहे, तिथं ती नोकरीला.

एकदा रत्नाबाईंनी तिला विचारलंच, "तुजं काम हाय तरी काय गं नेमकं?"

"मावशी, स्पिरीटच्या बाटलीचं बूच उघडं राहिलं की ते उडून जातंय न्हवं? तसं कुठलं रसायन किती जोरानं उडतंय, ते मोजायचं. बंद गोदामात माणसं राबत्यात. त्यांच्या छातीत किती जाईल, ते त्यावरनं कळतं."

"आन् येवढ्यात आख्खा दीस जातोय व्हय?" असं म्हणून रत्नाबाई हसत आत गेल्या.

दिवस जायचाच. हा उडण्याचा जोर, म्हणजे बाष्पदाब, मोजायची खोली इमारतीच्या अगदी टोकाला होती. आतलं तापमान ढळू नये म्हणून दार सतत लावलेलं. द्रव काचेच्या भांड्यात घालून गोठवायचा, वरची हवा पंपानं ओढून घ्यायची, मग वितळू द्यायचा. विरघळलेली हवा बुडबुड्यांनी वर आली की पुन्हा गोठवायचा. हवा संपली की ठरलेल्या तापमानाला आकडा स्थिर होईस्तोवर वाट बघत बसायचं. पूर्वी वाट बघायला दोघी होत्या. मेधाताई तापमानावर डोळा ठेवायची, गौतमी दाबावर, आणि मधल्या वेळात जगातला एकही विषय सुटायचा नाही. नवं यंत्र आलं, पंप तेवढा जुनाच राहिला; यंत्राला एकच माणूस पुरे झालं. त्याच सुमारास मेधाताईच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती नोकरी सोडून बडोद्याला गेली.

परवा एका गोंदाच्या कारखान्याचा द्रव तपासायला आला. आकडा काही केल्या थांबेना, मुंगीच्या पावलांनी वर चढत राहिला. एक तर कुठून तरी हवा शिरत होती, नाही तर द्रवातच अजून हवा होती. गौतमीनं रिकामं भांडं लावून पाहिलं. आकडा जागचा हलला नाही. म्हणजे गळती नव्हती, द्रव पुन्हा गोठवावा लागणार होता. हे तिला स्वच्छ कळलं होतं. तरी तिनं फोन उचलला.

"मेधाताई, आकडा ठरतच नाहीये गं."

"रिकामं भांडं लावून बघितलंस?"

"नाही," गौतमी खोटं बोलली.

"मग लाव की. मी थांबते."

गौतमीनं फोन टेबलावर ठेवून पंप पुन्हा सुरू केला. पलीकडून मेधाताई म्हणाली, "अजून तसाच खोकतो का गं हा?" आणि मग कितीतरी वेळ दोघीही तो पंप ऐकत राहिल्या.

"गौतमी, गळती नाहीये ना?"

"नाही."

"तू ते विसरणारी नाहीस. आधीच बघितलं होतंस."

"हो."

मेधाताई रागावली नाही. "इथं मला कुणी काही विचारतच नाही गं," एवढं म्हणाली आणि दारावर कुणी आलं म्हणून तिनं फोन ठेवला.

द्रव पुन्हा गोठवल्यावर आकडा स्थिरावला. कारखान्यानं कळवलेल्या आकड्यापेक्षा तो बराच जास्त होता. तिचे साहेब, सौरभ, म्हणाले, "परत एकदा करून बघा." तिनं केलं. तोच आला. तसा अहवाल गेला. पुढं कळलं, की कारखान्यानं तो द्रव ठेवायच्या गोदामात हवा खेळती ठेवायला मोठे पंखे बसवायला घेतलेत. सौरभ जाता जाता "छान झालं" म्हणाले. तिला मनापासून बरं वाटलं. डबा खाताना ते कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण टेबलावरची पोरं वेगळ्याच गप्पांत होती.

आठवड्यानं मेधाताईचाच फोन आला. "काय गं, शेवटी कितीवर थांबलं ते?"

गौतमी थबकली. गिऱ्हाइकाचा आकडा बाहेर सांगायचा नाही, हा नियम मेधाताईनंच तिला पहिल्या दिवशी शिकवला होता.

"ताई... ते सांगता येत नाही ना."

"बरोबर आहे. मी आता बाहेरची."

"तसं नाही गं—"

"अगं, नियम म्हणजे नियम." मग मेधाताई बडोद्याच्या उन्हाबद्दल बोलत राहिली, गौतमी हूं हूं करत राहिली.

त्यानंतरही त्यांचे फोन होतात. तब्येत, भाजीचे भाव, कुणाकुणाची लग्नं. कामाबद्दल मात्र मेधाताई कधी विचारत नाही, आणि गौतमी पंप बंद करूनच फोन घेते.