माय मागे वळली

मंडळी, आधीच एक सांगून टाकते. या पानावरचे अनुभव मी दुपारच्या चहासोबत वाचते आणि खुशाल हसते. पांढऱ्या साडीतली बाई, गाडीला हात करणारा म्हातारा… एका ताईंना तर मी विचारलंही होतं की, तुमच्याकडच्या भुताला दर वेळी लाईट गेल्यावरच यायचं कसं सुचतं? त्या फार रागावल्या होत्या. आज मीच लिहायला बसलेय. त्या वाचत असतील तर त्यांनी मनसोक्त हसून घ्यावं, माझी काही हरकत नाही.

मी अकोल्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. एकोणीस वर्षं झाली. पावसाळा लागला की दिवाळीपर्यंत आमच्याकडे साप चावलेले पेशंट येत राहतात. त्यात घोणस चावलेला असेल तर पहिली टेस्ट अगदी साधी असते. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घ्यायचं, वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही आणि मग नळी हळूच वाकडी करायची. चांगलं रक्त गोठून जागच्या जागी बसतं. घोणशीचं विष भिनलेलं रक्त पाण्यासारखं वाहतं. पुढे हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त, मग किडन्या. या हातांनी अशा किती नळ्या वाकड्या केल्या त्याचा हिशेब नाही. त्यामुळे साप डूख धरतो, साप दूध पितो, असलं माझ्यासमोर कुणी बोलायला लागलं की माझं डोकंच फिरतं.

तर मागच्या दिवाळीच्या सुट्टीची गोष्ट. माझं माहेर मोर्शी तालुक्यात. आजूबाजूला सगळ्या संत्र्याच्या बागा, पण आमच्या वावरात अजून अर्ध्यावर कपाशी असते. घरी माझा धाकटा भाऊ संजू आणि माय. मायला बारा वर्षांपासून ऐकू येत नाही. एक मोठा ताप आला, महिनाभर दवाखान्यात होती, तिथून उठली ती दोन्ही कान घालवूनच. कमी ऐकू येतं असं नाही बरं का, ठार बहिरी. मशीन घेऊन दिलं, ते काही उपयोगाचं नाही म्हणून तिनं कपाटात टाकून दिलं. आमचे ओठ पाहून ती समजून घेते. बोलते मात्र खणखणीत, आणि शिव्या तर विचारूच नका.

आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादहीची पूजा करतात. वावराच्या कोपऱ्यात पाच खडे मांडायचे, हळदकुंकू लावायचं, पहिल्या बोंडांचा कापूस वाहायचा आणि मग दहीभात शिंपडत वावराच्या कडेनं जायचं. आमच्या घरचा त्यात एक कडक नियम आहे. जी दहीभात शिंपते तिनं मागे वळून पाहायचं नाही आणि एक शब्द बोलायचा नाही. मायनं लग्न झाल्यापासून हा नियम मोडलेला नाही. एका वर्षी संजू लहान असताना तिच्या मागेच खड्ड्यात पडला, पाय मुरगळला, बोंब मारून रडला… ही वळली नाही! तेव्हा तर तिचे कान शाबूत होते. पूजा झाल्यावर मग त्याला उचललं आणि वरून दोन धपाटेही दिले. अशी बाई.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही वावरात पोचलो. थंडी नुकती लागली होती, ऊन छान वाटत होतं. माझी रेणू, वय वर्षं नऊ, मामाच्या मागे मागे फिरत होती. आणि आमच्या या शहाण्या मामानं तिला काय सांगून ठेवलं होतं, तर धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, अजगराचं पिल्लू राहतं म्हणून.

"दोन वर्षांपासून पाहून राहिलो मी त्याले," संजू मलाही मोठ्या कौतुकानं सांगत होता. "काई करत नाई ते. उंदरं खाते. मी तं बाया-मानसाईले सांगून ठेवलं, कोनी मारू नका म्हनून."

मी म्हटलं, "चांगलं केलं." खरंच म्हटलं मी असं! साप मारू नये हे मी स्वतः लोकांना सांगत असते ना. आपला भाऊ सुधारला याचंच मला कौतुक वाटलं. एकदा जाऊन बघावं, की बाबा हा अजगरच आहे का, एवढं साधं मला सुचलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

पूजा सुरू झाली. शेजारच्या वावरात सोयाबीनचा थ्रेशर लावला होता आणि त्याचा असा आवाज की दोन हातांवरच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागे. वेचणाऱ्या बाया पलीकडच्या टोकाला होत्या. मायनं खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, दहीभाताचा गंज, म्हणजे पितळी पातेलं, कडेवर घेतला आणि ती शिंपडत निघाली. मी आणि संजू पाच खड्यांपाशीच थांबलो होतो. रेणू कुठे होती? मला वाटलं आजीच्या मागे असेल. आजीच्या मागेच होती ती, पण पंधरा-वीस पावलं मागे, धुऱ्याच्या वाळल्या गवतापाशी वाकलेली. तिच्या हातात माझा मोबाईल होता. अजगराच्या पिल्लाचा व्हिडिओ काढून शाळेत दाखवायचा होता बाईसाहेबांना.

हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त मायकडे बघत होते. ती पाठमोरी, हळूहळू पुढे चाललेली. आणि एकाएकी ती थांबली. मान तिरपी केली — अगदी जशी पूर्वी आतल्या खोलीतून कुणी हाक मारली की करायची तशी — आणि गर्रकन मागे वळली.

मी संजूला म्हटलं, "अरे, माय वळली!" आम्हा दोघांना आधी तेच आश्चर्य. तोवर माय पळत सुटली होती. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाही, ती कपाशीच्या ओळीतून पळाली आणि पळता पळता कडेवरचा गंज तिनं दोन्ही हातांनी फेकला. गंज रेणूच्या पुढ्यात आदळला. दहीभात सगळीकडे उडाला. रेणू दचकून मागे पडली, आणि त्याच क्षणी गवतातून काहीतरी सपकन उसळून त्या गंजावर आपटलं.

मी कशी पोचले ते मला आठवत नाही. रेणूला काखेत धरून फरफटत दहा पावलं मागे आणलं. हात पाहिले, पाय पाहिले, बोटं एक एक करून पाहिली, फ्रॉक वर करून पोटऱ्या पाहिल्या. ती रडायला लागली, म्हणे आई दुखतंय, तू चिमटे काढतेयस. कुठेही काही नव्हतं. एक ओरखडा नाही. मी मटकन तिथेच ढेकळांत बसले आणि मोठ्यानं रडले. सांगायला लाज वाटत नाही मला.

मग मी तो साप नीट पाहिला. जाडजूड, पाठीवर साखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन रांगा, डोकं त्रिकोणी. फुगत होता आणि बसत होता. लोक आमच्याकडे मोबाईलमध्ये फोटो घेऊन येतात ना, त्यातला तो फोटो मला पाठ आहे. घोणस. आमच्या वऱ्हाडातली परड.

"संजू," मी म्हटलं, "हे तुझं अजगराचं पोट्टं?"

त्याचा चेहरा पांढराफटक. "ताई, मी तं… दोन वर्षं इथंच बसून भाकर खाल्ली ना वं मी…"

बायांना लांब थांबवून तो सर्पमित्राला फोन लावायला गावाकडच्या अंगाला गेला. इथवर सगळं ठीक आहे, असं होतं कधी कधी. आजीनं नातीला पाहिलं, गंज फेकला, पोरगी वाचली. मीही एवढंच समजत होते.

आम्ही तिघी बाभळीखाली बसलो. माय पाणी प्यायली, रेणूच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग भडकली. "वावरात कुकर कोनं आनला वं? पूजेच्या दिवशी वावरात सयपाक करतेत का?"

मी ओठ हलवून विचारलं, कसला कुकर?

"अवं कुकर! शिट्टीवर शिट्टी होऊन राहिली होती. मी म्हटलं कोन येडी वावरात भात लावून बसली. म्हनून तं वळली मी. पाह्यतो तं पोट्टी परडीपाशी."

परड चिडली की फुगून फूत्कारते आणि तो आवाज थेट कुकरच्या शिट्टीसारखा असतो, हे लॅबमधल्या शिकाऊ पोरींना मी स्वतः सांगत असते. पण मायला? मी रेणूला विचारलं, तुला आवाज आला का गं? ती म्हणाली, "काहीतरी शू शू येत होतं, मला वाटलं त्या मशीनचंच आहे." सापापासून दोन हातांवर होती ती. मला आणि संजूला तर काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी मायला थ्रेशरकडे बोट दाखवून विचारलं, ते ऐकू येतंय? तिनं डोळ्यांवर हात धरून तिकडे पाहिलं. भुसा उडताना दिसला तेव्हा म्हणाली, "चालू आहे वाटते."

म्हणजे कान फाटेल असा थ्रेशर तिला ऐकू येत नव्हता. आणि त्या आवाजाखाली दबलेली सापाची शिट्टी तिला पाठमोरी असताना ऐकू आली होती. मी उठून तिच्या मागे गेले, टाळ्या वाजवल्या, "माय!" म्हणून जीव खाऊन ओरडले. ती शांतपणे रेणूच्या केसांतला दहीभात काढत बसली होती.

तासाभरात सर्पमित्र आला, परडीला अलगद पिशवीत घेतलं. म्हणाला, "एवढी मोठी परड, चावली असती तं मोर्शीहून अमरावतीला पोचेपर्यंत लेकराचे हाल झाले असते." ते मला सांगायची गरज नव्हती. संजूनं त्याला हात जोडले आणि मग मायच्या पायावर डोकं ठेवून तो हमसून हमसून रडला. मायनं त्याला आधी एक धपाटा दिला, मग जवळ घेतलं.

भाऊबीजेनंतर मायला मी अकोल्याला घेऊन आले. मला चैन पडेना. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्या बंद खोलीत बसवून पुन्हा सगळी तपासणी करवली. दोन्ही कानांचा ग्राफ तळाशी, बारा वर्षांपूर्वी होता तसाच. डॉक्टर म्हणाले, जमिनीतून कंपनं जाणवली असतील. मी म्हटलं, मग थ्रेशरची जाणवायला नकोत? ते म्हणाले, वास आला असेल, नाहीतर नातीची काळजी होती म्हणून सहज वळल्या असतील. मी म्हटलं, ही बाई स्वतःच्या पोराचा पाय मुरगळला तरी वळली नव्हती, आणि वास आला तर शिट्टी ऐकली असं का म्हणेल? ते भले माणूस आहेत. हसले आणि म्हणाले, ताई, तुमची मुलगी सुखरूप आहे ना, मग जाऊ द्या.

मी बरंच वाचलं, आणखी दोघा-तिघांना विचारलं. पटेल असं काही कुणी सांगितलं नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा, पण देवीचा कोप-बीप नको, कृपा करून. खरं सांगायचं तर आता मला उत्तराची घाईही राहिलेली नाही. रात्री रेणू अंगावर पाय टाकून झोपते तेव्हा तो पाय मी बाजूला करत नाही, एवढाच काय तो माझ्यात फरक पडला.

रिपोर्ट आणला त्या संध्याकाळी माय स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. रेणू नेहमीसारखी माझ्या मागे लागली होती — हे नको, ते दे, बाई असं म्हणाल्या, पिंकी तसं म्हणाली, तोंडाचा पट्टा चालू. मायचे हात थांबले होते. ती रेणूच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"बारा वर्षांत एक आवाज आला मले," ती म्हणाली, "तो बी परडीचा. इचा आवाज कसा आहे वं?"

रेणू नऊ वर्षांची आहे. जन्मली तेव्हाचं तिचं रडणंसुद्धा मायनं कधी ऐकलेलं नाही, आणि हे माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. मी ओठ मोठे मोठे हलवून म्हटलं, "कर्कश आहे. दिवसभर नुसती बडबड. डोकं उठतं माझं."

माय हसली, इतकी हसली की शेंगांची परात मांडीवरून सरकली.

"तुले तं येते ना ऐकू?" ती म्हणाली. "बस झालं मंग."