खोट्या नावाचा पोलीस आणि आमचे साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका काळजी करणारा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याचीही काळजी साडूच करत असणार. सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं ते तयार माल तपासायचे. निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही. कुलूप चारदा ओढून बघायचं, गॅसचं बटण तीनदा. आम्ही त्यांच्याकडून जेवून निघालो की घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत ते पायातली चप्पल काढत नाहीत. न जाणो, धावावं लागलं तर!

अशा माणसाच्या तावडीत ती मालिका सापडली. तिचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण साडूंखेरीज ती कोणी पाहिल्याचं मला तरी ठाऊक नाही. एक पोलीस अधिकारी खोट्या नावाने घाटात ट्रक लुटणाऱ्या टोळीत शिरतो, एवढीच गोष्ट. साडू ती उभ्याने बघत. टोळीच्या अड्ड्यावर त्या अधिकाऱ्याचा फोन वाजला, तेव्हा यांनी घाईघाईने स्वतःचा बंद केला. "अहो, मारामारी नाही, गाणी नाहीत, नुसती भीती! म्हणूनच लोकांनी कदर केली नाही," ते मला तळमळून सांगत. "जेवतानासुद्धा तो खोटं जेवतो हो. आईशी फोनवर खोटं बोलतो. खरं बोलायला एक माणूस नसला तर माणूस आतून कुजेल की नाही?" मेहुणीबाईंची तक्रार वेगळीच होती. "त्या पोलिसासाठी नारळ बोललेत. माझ्या ऑपरेशनच्या वेळी नव्हते बोलले."

त्याच सुमाराला त्यांच्या गंगापूर रोडच्या बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर, एक तरुण जोडपं भाड्याने राहायला आलं. नवरा रोज साडेसातला डबा घेऊन निघे. सातपूरला पहिल्या पाळीत आहे म्हणे. पण पहिली पाळी सातलाच सुरू होते, हे साडूंहून जास्त कोणाला ठाऊक असणार? शिवाय तो जिन्यात दबक्या आवाजात फोनवर बोले. साडूंचं निदान पक्कं झालं. "पोलीस आहे. वेषांतरात. कोणाला बोलू नका." तेव्हापासून त्यांचा जीव टांगणीला लागला. त्याला कोणी "कुठे असता कामाला?" विचारलं की साडू मध्ये पडून पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला लागत.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. एका दुपारी जवळच्या बागेत तो एकटाच बाकावर डबा खाताना दिसला. साडू शेजारी जाऊन बसले आणि समोर बघत कुजबुजले, "घाबरू नका. मला सगळं कळलंय."

त्याचा घास हातातच राहिला. "काका, कसं कळलं?"

"जन्म तपासण्यात गेलाय माझा. किती दिवस झाले?"

"तीन महिने."

"बायकोला माहीत आहे?"

"नाही हो. तिला सहावा महिना चाललाय. धक्का बसला तर?"

"बरोबर. अजिबात सांगायचं नाही. आणि वरचे काय म्हणतात?"

"वरच्यांनीच तर काढून टाकलं, काका. कंपनीतली आमची अख्खी लाइन बंद केली." आणि तो ओंजळीत तोंड लपवून रडायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून बारा वाजता साडूही डबा घेऊन बागेत जायला लागले. जेवण झालं की त्याला घेऊन सातपूरचे ओळखीची वर्कशॉप पालथी घालायची, आणि संध्याकाळी घरी येऊन बीपीची गोळी घ्यायची. "तो पोलीस नाही म्हणून वाईट वाटलं का?" मी विचारलं. "पोलिसाच्या मागे निदान खातं असतं," ते म्हणाले. "याच्यामागे कोण आहे?"

पण गुपित काही त्यांना पचेना. शेवटी एकदा त्यांनी त्याला म्हटलं, "सांगून टाक. खोटं फार दिवस टिकत नाही. टोळीला कळतंच."

"काका, बायको म्हणजे टोळी नव्हे."

"म्हणूनच सांग."

रविवारी सकाळी तो सांगायला आत गेला आणि साडू पाण्याची बाटली घेऊन जिन्यात बसले. खाली रिक्षा थांबवून ठेवली होती. आत एक भांडं दणकन आपटलं, आणि दार उघडून ती बाहेर आली. डोळे लाल. "नोकरी गेली त्याचं काही नाही, काका. पण मी रोज पाचला उठून डबा करत होते, आणि हा बागेत बसून खात होता! आणि तुम्हाला माहीत होतं?"

साडूंनी हातातली पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. ती महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही.

सिन्नरला एका लहान कारखान्यात त्याला काम मिळालं. दोघं तिकडेच राहायला निघाले, तेव्हा सामान हलवताना मीही हात लावायला गेलो होतो. ती टेम्पोत पुढे बसली, आणि टेम्पो सुरू झाल्यावर पुन्हा सावकाश खाली उतरली. साडूंसमोर येऊन उभी राहिली. "काका, बाळ झालं की पहिला फोन तुम्हालाच. पण तुम्ही घाबरणार नाही ना?"

"घाबरणार," साडू म्हणाले.

ती हसली. ते मात्र हसले नाहीत.

टेम्पो वळून दिसेनासा झाला तरी ते उभेच. मी म्हटलं, "चला, ऊन वाढलं." "तुम्ही व्हा पुढे. मी वर जरा चक्कर मारून येतो," ते म्हणाले. वर त्या दोघांच्या रिकाम्या खोल्यांमध्ये तपासण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं. ते गेले, आणि बराच वेळ खाली आले नाहीत.